हरलेल्याचा चहा

आठ वर्षांच्या पोरीला तिच्याच वाढदिवशी, केक कापायच्या आधी, ढसाढसा रडवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि ती नेमकी माझी घरमालकीण निघाली.

वाढदिवस शेजारच्या जुईचा होता. मी तेव्हा नुकतीच एमएस संपवून कॅरी गावात नोकरीला आले होते आणि या मावशींच्या टाउनहाउसमधली वरची खोली घेऊन दोन आठवडे झाले होते. जुईच्या घरी हॉलभर फुगे, पिझ्झाचे खोके, डझनभर पोरं. मुलांना रमवायला म्हणून कुणीतरी मावशींचा कॅरम उचलून आणला होता. मावशी समोर बसल्या. साठी ओलांडलेल्या, बुटक्या, साडीवर मुलाचा जुना कॉलेजचा स्वेटशर्ट आणि पायांत पांढरे स्पोर्ट्‌स शूज. जुईनं जीभ बाहेर काढून नेम धरला आणि पहिल्याच फटक्यात सोंगटी घातली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"फाउल," मावशी म्हणाल्या. "हात रेषेच्या पुढं गेला. सोंगटी बाहेर काढ, आणि वर एक दंड."

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. जुईची आई माधवी हसत म्हणाली, "अहो मावशी, बर्थडे आहे तिचा!"

"मग? बर्थडेला हात रेषेच्या पुढं न्यायची मुभा असते होय?"

आणि त्या बाईनं, अहो, एका पाठोपाठ एक सोंगट्या घालत त्या पोरीवर नील गेम चढवला. जुईची एकही सोंगटी गेली नाही. जुई उठली, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून मोठ्यानं रडायला लागली. माधवीचा चेहरा लालभडक. तिचा नवरा छताकडे बघतोय. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मावशींबरोबर मी आले होते. मावशी मात्र शांतपणे उठल्या, माधवीच्या स्वयंपाकघरात शिरल्या, न विचारता भांडं शोधलं, दूध जास्त घालून चहा केला आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "जुई, चहा ठेवलाय गं बाहेर. हरलेल्याचा चहा जिंकलेल्यानं करायचा असतो."

घरी येताना मी जे काही बोलायचं ते बोलले. लहान मूल आहे, इथे वाढलेलं आहे, इथे असं करत नाहीत. मावशी म्हणाल्या, "मी तिला जिंकू दिलं असतं तर ती कुणाशी खेळली असती गं? माझ्याशी तर नाही." मला ते काही पटलं नाही. बाई विक्षिप्त आहे, वर्षाचं लीज संपलं की इथून हलायचं, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी थाडथाड मारत होतं. बघते तर जुई, खालचा ओठ पुढे काढून उभी. "आय वॉन्ट अ रीमॅच," ती म्हणाली.

मावशींच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसायची. गाडी बिचारी उन्हापावसात बाहेर, आणि आत मधोमध कॅरम. सांगलीहून विमानातून आणलेला, नवऱ्याच्या हातचे स्क्रू मारलेला. वर लोंबता दिवा, चार उंच स्टुलं. काका गेल्यावर मावशींनी सोफा विकला, त्यांचे कपडे देऊन टाकले, पण कॅरम कुणाला दिला नाही. शनिवार-रविवार गॅरेजचं दार अर्धं उघडं असायचं आणि ज्याला यायचं त्यानं यावं. मात्र आत आलं की नियम त्यांचे. समोरचा नेम धरत असताना बोलायचं नाही. "अरेरे" म्हणायचं नाही. "बॅड लक" तर मुळीच म्हणायचं नाही. "लकचा काय संबंध? कोपर उचललंस म्हणून गेली नाही." आणि शेवटचा नियम तो चहाचा. याचं कारण मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हरलेल्याचं डोकं तापलेलं असतं. त्याच्या हातात गॅस कशाला द्यायचा?" सांगलीच्या कॉलेजात त्या कॅरमच्या चॅम्पियन होत्या. त्यामुळे आमच्या त्या गॅरेजमध्ये चहा कायम मावशीच करायच्या.

आता पावडरीचं सांगते.

त्यांचा मुलगा अजय पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं हौसेनं कॅरम घेतला आणि फोनवर तक्रार केली की सोंगटी अर्ध्यात थांबते. मावशींनी काय करावं? चांगली मूठ-दीड मूठ बोरिक पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, पिशवी पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला आणि दिली पोस्टात टाकून. साल दोन हजार एक, शरद ऋतू. त्या दिवसांत कुणीतरी टपालातून अँथ्रॅक्सची जीवघेणी पूड पाठवत होतं आणि पांढऱ्या पुडीच्या नुसत्या नावानं सगळ्या देशाची गाळण उडत होती. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. पण मावशी टीव्ही बघत नसत. ते पाकीट वाटेत कुठल्याशा सॉर्टिंग सेंटरमध्ये फाटलं.

मी ऑफिसमधून आले तर दारात पोलिसांच्या दोन गाड्या आणि अंगभर पांढरा सूट, तोंडावर मास्क लावलेला एक माणूस. सॉर्टिंग सेंटरची अख्खी इमारत रिकामी करावी लागली होती म्हणे. मनात एकच: गेला माझा व्हिसा! आई-बाबांना काय सांगू? आत मावशी पोलिसांना बजावत होत्या, "शूज, प्लीज. शूज औट." आणि दोन धिप्पाड अधिकारी खरोखर बूट काढून मोज्यांवर उभे होते. त्यातल्या एकानं पावडर कशासाठी असं विचारल्यावर मावशींनी त्यांना गॅरेजमध्ये नेलं, स्ट्रायकर ठेवला आणि तीन कडांना लावून एक सोंगटी घातली. तो मास्कवाला पुढे वाकून बघायला लागला.

पूड तपासली, निष्पन्न काही झालं नाही, मावशींना चांगली समज देऊन ते गेले. अजयनं फोनवर जी आरडाओरड केली ती मला वरच्या खोलीत ऐकू येत होती. पण खरा धक्का पुढच्या महिन्यात बसला. त्या दोघांतला एक अधिकारी साध्या कपड्यांत गॅरेजच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला एकदा खेळायचंय. मावशींनी त्याला धुऊन काढला, त्याचं बोट धरून नख कुठे लागलं पाहिजे ते दाखवलं आणि चहा दिला. तो पुढच्या शनिवारी परत आला. मी माधवीला म्हटलं, या लोकांना कुणी इतकं हिडीसफिडीस केलेलं आवडतं कसं? माधवी म्हणाली, "मला काय विचारतेस? माझी पोरगी सकाळपासून डायनिंग टेबलवर बाटलीचं झाकण उडवत बसलीये."

माझी नोकरी काय होती हेही सांगायला हवं, कारण त्यावरून आमचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. मॉरिसव्हिलमधली आमची छोटी कंपनी मुलांसाठी गणिताचे कॉम्प्युटर गेम बनवायची. उत्तर बरोबर आलं की स्क्रीनवर चांदण्यांचा पाऊस आणि एक मांजर नाचायचं. चुकलं तरी "गुड ट्राय!" आणि एक छोटी चांदणी, आणि पुरेशा चांदण्या जमल्या की मांजर नाचायचंच. ते मांजर माझं होतं. त्याच्या शेपटीवर मी महिनाभर घालवला होता. कौतुकानं लॅपटॉप खाली नेला आणि मावशींना खेळायला बसवलं. थोड्या वेळानं मांजर नाचायला लागलं.

"हे का नाचतंय?"

"तुम्ही जिंकलात, मावशी!"

"मी? मी तर डोळे मिटून बटणं दाबत होते."

मावशींनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हरायची सोय कुठाय यात?"

"हरलं की मुलं नाउमेद होतात, मावशी. म्हणून मुद्दाम ठेवली नाही."

"पोरगं हरल्यानं नाही गं नाउमेद होत. आपण काय केलं याच्याशी समोरच्याला काही घेणंदेणं नाही, हे कळलं की होतं. मी बरोबर सांगितलं काय, चुकीचं सांगितलं काय, तुझं मांजर आपलं नाचतंय. ते माझ्याकडं बघतच नाही."

माझ्या महिन्याच्या मेहनतीचं एका वाक्यात भजं केलं! मी चिडले, तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हणाले आणि आठवडाभर खाली फिरकले नाही. मग ऑफिसमध्ये एकदा मुलं गेम तपासायला आणली होती. मी काचेमागून बघत होते. एक मुलगी खिडकीबाहेरच्या खारीकडे बघत एका हातानं बटणं दाबत होती आणि तिच्या स्क्रीनवर चांदण्या पडत होत्या. मी चक्क हादरले. मीटिंगमध्ये म्हटलं, या गेममध्ये हरता यायला पाहिजे. बॉसनं मी काहीतरी अश्लील बोलल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

एव्हाना वर्षाचं लीज संपलं होतं. मी कुठेही हलले नाही.

जुई मात्र दर शनिवारी येतच होती आणि दर शनिवारी हरतच होती. बाथरूममध्ये जाऊन रडणं वर्षभरात थांबलं. मग ती चहा पिता पिता मावशींशी वाद घालायला लागली. एकदा सॉकरच्या कपड्यांतच आली, हातात चकचकीत सोनेरी कप. मावशींनी विचारलं, "कितव्या आलात?"

"लास्ट," जुई म्हणाली.

"मग हा कशाबद्दल?"

"एव्हरीबडी गेट्स वन."

मावशी सोंगट्या मांडायला लागल्या. जुईनं त्या कपाकडे पाहिलं आणि मग त्यात बोरिक पावडर ओतली. तेव्हापासून कॅरमची पावडर त्या कपात असायची. माधवीला हे कळल्यावर ती आधी भडकली आणि नंतर हसून हसून खाली बसली.

अशी सहा वर्षं गेली. जुई चौदा वर्षांची झाली, दातांना तारा आल्या, हातात फोन आला, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायला लागली. पण शनिवार तिनं सोडला नाही. मावशींना तिनं अजून एकदाही हरवलं नव्हतं. दोनदा अगदी राणीपर्यंत पोचली होती.

त्या उन्हाळ्यात जुई कॅम्पला गेलेली असताना, एका सकाळी मावशी मला स्वयंपाकघरात जमिनीवर सापडल्या. गॅसवर दूध उतू जात होतं. स्ट्रोक. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धा चेहरा. मी नऊ-एक-एक फिरवून अॅम्ब्युलन्स बोलावली.

अजय रजा काढून आला. हॉस्पिटल झालं, रिहॅब झालं, मावशी घरी आल्या. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. डॉक्टरांनी अजयला आणि मला बसवून स्पष्ट सांगितलं: हात परत येऊ शकतो, पण या पहिल्या काही महिन्यांत व्यायाम केला तरच. नंतर फार आशा धरू नका. आणि मावशी व्यायाम करेनात! व्यायाम करून घ्यायला घरी येणारी थेरपिस्ट पोरगी गोड होती. मऊ चेंडू उजव्या हातात द्यायची, दाबा म्हणायची. बोट हललं की "गुड जॉब!" नाही हललं तरी "गुड जॉब!" तिसऱ्या दिवशी मावशींनी डाव्या हातानं तो चेंडू सोफ्याखाली भिरकावला. जेवण दोन घासांवर आलं. कुणी काही बोललं तर खिडकीकडे बघत बसायच्या.

अजयनं ठरवून टाकलं. रजा संपेपर्यंत आईला स्वतःचं स्वतः काही करता आलं नाही, तर घर विकायचं आणि तिला बॉथेलला न्यायचं, त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी चांगली सोय होती तिथे. त्याचं तरी काय चुकत होतं? मी रात्रंदिवस थोडीच घरी असणार होते. मावशींनी हे ऐकलं आणि हो म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हो म्हणाल्या म्हणून मी घाबरले.

एका रविवारी अजयनं त्यांना बरं वाटावं म्हणून कॅरम गॅरेजमधून हॉलमध्ये आणला. मावशी डाव्या हातानं खेळायला बसल्या. आधी नाही म्हणाल्या, पण बसल्या. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर जाळीत. "चालेल आई, परत मार," अजय म्हणाला. पुन्हा स्ट्रायकर जाळीत. "काही हरकत नाही, मार परत." मग त्यानं स्वतःची जाळीच्या तोंडाशी असलेली सोंगटी चुकवली, माधवीनं तिची चुकवली, थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. मावशींनी स्ट्रायकर बोर्डवर ठेवला. "उचला हे," त्या म्हणाल्या आणि व्हीलचेअर भिंतीकडे वळवून घेतली. रात्री जेवायलाही वळल्या नाहीत. मला तेव्हा खरोखर वाटलं, ही बाई आता जाणार.

जुई कॅम्पवरून आली ती शुक्रवारी. शनिवारी दुपारी माधवी तिला घेऊन आमच्याकडे आली. दारातच बजावत होती, मी ऐकलं: "बी नाइस, ओके? आज आजीला जिंकू दे." जुईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आत आली. मावशींचा वाकडा चेहरा बघून जागच्या जागी थबकली. मला वाटलं, आता रडणार. पण तिनं भिंतीला टेकवलेला कॅरम ओढला, टेबलावर ठेवला, त्या सोनेरी कपातली पावडर टाकली आणि सोंगट्या मांडायला लागली.

"ब्रेक तुझा, आजी."

मावशी नको म्हणून मान हलवत होत्या. जुईनं स्ट्रायकर त्यांच्या पुढ्यात सरकवला. शेवटी मावशींनी डावा हात पुढे केला आणि सोंगट्या फोडल्या.

खेळ कसला, कत्तल होती! जुई एकामागून एक सोंगट्या घालत होती. अजय माझ्याकडे बघतोय, मी माधवीकडे, माधवी डोळे वटारून जुईकडे. जुई मान वर करेल तर शपथ. मग मावशींनी एक फटका मारला, अगदी सरळ, आणि सोंगटी गेली. आजारपणानंतरची पहिली सोंगटी! आम्ही तिघांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अजयच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि सोंगटीच्या मागोमाग स्ट्रायकर सावकाश घरंगळत जाळीत पडला.

"फाउल, आजी," जुई म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"जुई, इट्स ओके," अजय म्हणाला.

"स्ट्रायकर वेंट इन. सोंगटी बाहेर काढ, आणि वर एक दंड."

ते शब्द मी कुठे ऐकले होते ते मला आठवलं. माधवी पुढे झाली. मला वाटलं, सगळ्यांसमोर पोरीच्या कानाखाली वाजवते. पण मावशींनी मान वर केली होती. इतके दिवस आमच्यापैकी कुणाकडे त्या धड बघत नव्हत्या. आता त्या जुईकडे बघत होत्या. बघता बघता डाव्या हातानं त्यांनी सोंगटी जाळीतून काढली, बोर्डाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "मार."

जुईनं मारलं. गेम संपला. नील.

जुई उठून आत गेली. अजय डोक्याला हात लावून बसला. आतून मायक्रोवेव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं जुई एक कप घेऊन आली आणि मावशींच्या डाव्या हाताशी ठेवला. पाण्यात टी-बॅग आणि वर थंड दूध. रंग बघूनच मळमळावं असा. मावशींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आधीच वाकडं होतं ते आणखी वाकडं झालं आणि म्हणाल्या, "छी. आल्याशिवाय?" मग त्यांनी कप खाली ठेवला. "परत मांड."

"नो."

"का?"

"धिस डझन्ट काउंट. सहा वर्षं मी वेट केलं, आजी. आय'म नॉट टेलिंग पीपल आय बीट अ लेफ्ट हँड." आणि मग ती टेबलावर वाकली आणि तिचा आवाज एकदम फुटला. "उजवा हात पाहिजे मला. तो आण."

जुई रडत होती. तशीच, आठ वर्षांची असताना रडली होती तशी. फक्त या वेळी ती बाथरूममध्ये पळून गेली नाही. मावशींनी डाव्या हातानं तिच्या पाठीवर थापटलं, दोनदा, आणि माझ्याकडे वळल्या.

"काय गं, तोंडाचा आ करून उभी काय राहिलीस? तो चेंडू बघ. सोफ्याखाली असेल."

अजय एकटाच बॉथेलला परत गेला.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. निघायचा दिवस नेमका शनिवार होता. गाडीत सामान भरून मी निरोप घ्यायला गॅरेजमध्ये डोकावले. मावशी स्टुलावर, काठी मांडीला टेकवलेली. उजवा हात बोर्डावर. बोटं थोडी कापत होती. स्ट्रोकनंतर आजवर चहा जुईच करत आली होती. जुई नेम धरत होती, म्हणजे बोलायची सोय नव्हती. मी दारातूनच हात हलवला. मावशींनी डोळ्यांनी मला जा म्हटलं आणि परत बोर्डाकडे बघायला लागल्या. एवढी वर्षं राहिले, आणि हा निरोप! मी गाडीत जाऊन बसले, रुमाल शोधला, आरसा सारखा केला, उगाच दोनदा सीटबेल्ट लावला. गॅरेजमधून जुईचा आवाज आला, "वन पीस! आय हॅड वन पीस लेफ्ट!" आणि मग स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून काठीची टकटक, भांड्यांचा खणखणाट आणि मावशींचं खेकसणं ऐकू आलं.

"ए जुई, आलं कुठं ठेवलंय गं?"